आरशालाही न ओळखता आलेला खलनायक

२०२४च्या ऑगस्टमध्ये ‘ब्लॅक मिथ : वुकोंग’ हा चिनी व्हिडिओ गेम आला आणि पाच महिन्यांनी, २०२५च्या चिनी नववर्षाला, ‘नेझा २’ हा चित्रपट झळकला. गेमने जगभरच्या खेळाडूंना वेड लावले. चित्रपट आजवरचा सर्वाधिक कमाई करणारा ॲनिमेशनपट ठरला. दोघांचीही मुळे मिंग काळातल्या कादंबऱ्यांत आहेत आणि दोघांच्याही निमित्ताने एक गोष्ट कौतुकाने बोलली गेली : इथला खलनायक निव्वळ दुष्ट नाही, तो नायकाचेच दुसरे रूप आहे. कौतुक रास्त आहे. मात्र ही आजच्या पटकथाकारांची करामत आहे असे जे गृहीत धरले जाते, ते खरे नाही. उलट आजच्या मंडळींनी मूळ गोष्ट बरीच मवाळ केली आहे. चित्रपटमालिकेत नेझा आणि नागराजाचा मुलगा आओ बिंग हे एकाच दिव्य मण्यातून निघालेले दोन अंश. शेवटी ते जिवलग मित्र होतात. ‘फंगशन येन-यी’ या जुन्या कादंबरीतला बाल नेझा मात्र आओ बिंगला ठार मारतो आणि वडिलांच्या चिलखताला पट्टा हवा म्हणून त्याच्या अंगातली शीर ओढून काढतो.

पडद्यावर आरशाच्या अलीकडचा आणि पलीकडचा हातात हात घालतात. जुन्या पुस्तकांत दोघांपैकी एक मरतो, आणि जो उरतो त्याच्याबद्दलही वाचकाला पूर्ण भरवसा वाटू नये अशी व्यवस्था लेखकाने केलेली असते. याचा सर्वांत धीट नमुना ‘पश्चिमेची यात्रा’ या शंभर प्रकरणांच्या कादंबरीत आहे. तिची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी संपूर्ण आवृत्ती १५९२ची, नानजिंगमध्ये छापलेली. थांग राजवटीतला एक भिक्षू बौद्ध ग्रंथ आणायला भारताकडे निघतो आणि सोबत शिष्य म्हणून सुन वुकोंग हे वानर, एक वराह, एक जलराक्षस आणि घोडा झालेला नागपुत्र असतो, ही तिची कथा.

छप्पन्नाव्या प्रकरणात वुकोंग दरोडेखोरांची टोळी कापून काढतो. ज्या म्हाताऱ्याच्या घरी या मंडळींनी आदल्या रात्री आसरा घेतलेला, त्याचा मुलगाही त्या टोळीत होता. वुकोंग त्याचे मुंडके छाटून गुरूला आणून दाखवतो. गुरू हादरतात, मंत्र म्हणून त्याच्या कपाळावरचे सोन्याचे कडे आवळतात आणि त्याला हाकलून देतात. वुकोंग रडतकढत ग्वानयिनकडे, म्हणजे अवलोकितेश्वराकडे, गाऱ्हाणे घेऊन जातो. इकडे गुरू तहानेने व्याकूळ झालेले असताना पाण्याचा पेला घेऊन एक ‘वुकोंग’ समोर उभा राहतो. गुरू त्याला झिडकारतात. तो त्यांच्या पाठीत सोटा हाणतो, सामानाची गाठोडी उचलतो आणि निघून जातो.

हा तोतया पुढे काय करतो, ते पाहण्यासारखे आहे. तो वुकोंगच्या जुन्या डोंगरावर बसून प्रवासाचा परवाना मोठ्याने वाचत असतो. जलराक्षस शिष्य तिथे पोचतो, तेव्हा तो सांगतो की ग्रंथ मीच आणणार आणि सगळे श्रेय मीच घेणार. गुरूशिवाय बुद्ध ग्रंथ कोणाला देतील, असे त्याला विचारले जाते. तर त्याने गुरूही तयार ठेवलेला असतो! आतून एक नकली भिक्षू, नकली वराह, नकली जलराक्षस आणि पांढरा घोडा असा आख्खा काफिला बाहेर येतो. इथे वाचकाने थांबावे. त्या तोतयाने नवे असे काय मागितले? कटकट करणारा, ऊठसूट मंत्र म्हणून डोके आवळणारा गुरू नसलेली यात्रा. खऱ्या वुकोंगच्या मनात हे कधी आले नसेल, असे मागची पंचावन्न प्रकरणे वाचलेला कोणीही म्हणणार नाही. गुरूच्या पाठीत बसलेला सोटाही तसाच. मारला तोतयाने, पण हात शिवशिवत होते ते कोणाचे, हे उघड आहे.

मग सुरू होते ओळखपरेड. दोघे भांडत भांडत ग्वानयिनपुढे जातात. ती कडे आवळण्याचा मंत्र म्हणते. दोघेही डोके धरून लोळतात. दोघे स्वर्गात जातात. तिथे राक्षसाचे खरे रूप दाखवणारा प्रसिद्ध आरसा आहे. तो दोघांवर धरला जातो. आरशात दोन वुकोंग दिसतात, केसाचाही फरक नाही. गुरू मंत्र म्हणून पाहतात; पुन्हा दोघांचेही डोके ठणकते. शेवटी वरात यमलोकात पोचते. जन्ममृत्यूच्या वह्या उघडल्या जातात, पण वानरांच्या पानांवर काहीच नाही. कारण वुकोंगने ऐन उमेदीत यमलोकात घुसून समस्त वानरजातीची नावे स्वतःच्या हाताने खोडून टाकलेली असतात. आपल्याला ओळखू शकणारा एकमेव सरकारी कागद नायकाने स्वतःच नष्ट केला आहे. क्षितिगर्भ बोधिसत्त्वाच्या मेजाखाली बसणारा दितिंग नावाचा प्राणी जमिनीला कान लावतो. त्याला खरा कोण ते कळते. पण तोंडावर सांगितले तर तोतया यमलोक उद्ध्वस्त करील आणि त्याला आवरायची ताकद इथे कोणात नाही, म्हणून तो गप्प राहतो. ज्याला कळले त्यालाही बोलता येत नाही, हा कादंबरीकाराचा खास तिरकस विनोद.

निवाडा अखेर बुद्धापुढे होतो. हे दोघे दाराशी येण्याआधीच बुद्ध सभेला सांगतात की तुम्ही सगळे एका मनाचे आहात आणि आता पाहा, दोन मने झगडत येत आहेत. तोतया हे सहा कानांचे, दूरचे सगळे ऐकणारे एक विलक्षण माकड असल्याचे ते ओळखतात. तो मधमाशी होऊन उडू पाहतो. बुद्ध भिक्षापात्र टाकून त्याला झाकतात. पात्र उचलताच वुकोंग एका फटक्यात त्याचा जीव घेतो. बुद्धांनाही हे पाहवत नाही. लेखक जाता जाता सांगतो की ती जात तेव्हापासून नामशेष झाली.

मेला तो खरा वुकोंग आणि यात्रा पुरी केली ती तोतयाने, असा तर्क चीनमध्ये हौसेने लढवला जातो. आमच्या मते मूळ ग्रंथात त्याला आधार नाही. बुद्धांचा निवाडा लेखकाला मान्य आहे. पण असा तर्क लढवता यावा इतकी मोकळी जागा लेखकाने ठेवली, हे मान्य करावेच लागेल. दरोडेखोराचे मुंडके छाटून वुकोंगने हे प्रकरण ओढवून घेतले आणि दुसऱ्या एका वानराचे डोके फोडून ते मिटवले. म्हणजे ज्या हिंसेपायी त्याला हाकलले, त्याच हिंसेच्या जोरावर तो परत आला. आणि त्यानंतर बुद्धांकडे त्याने पहिली विनंती काय केली? गुरूला मी नको आहे, तर हे कडे काढा आणि मला घरी जाऊ द्या.

या कड्याची हकिगत स्वतंत्रपणे पाहायला हवी, कारण नायक-खलनायक यांच्यातला फरक या कादंबरीने नेमका तिथे ठेवला आहे. आठव्या प्रकरणात बुद्ध ग्वानयिनला एक नव्हे, तीन कडी देतात. एक वुकोंगच्या डोक्यावर जाते. दुसरे ती एका काळ्या अस्वल-राक्षसाला घालते. तिसरे ‘लाल पोरगा’ म्हणून गाजलेल्या, आगीने लढणाऱ्या राक्षसपुत्राला. पहिला नायक, उरलेले दोघे त्याचे शत्रू, पण कडी एकाच पेटीतली. अस्वल ग्वानयिनच्या डोंगराचा राखणदार होते, पोरगा तिचा पार्षद. त्या पोराचा बाप वृषभासुर हा तर वुकोंगचा एके काळचा मानलेला भाऊ. वुकोंगने स्वतःला ‘स्वर्गतुल्य महर्षी’ म्हणवून घेतले, तेव्हा यानेही तशीच भारदस्त पदवी लावली होती. एकाला डोंगराखाली पाचशे वर्षे चिरडून वाटेवर आणले गेले, दुसरा संसार थाटून आपल्या प्रदेशाचा धनी झाला. पुढे यात्रेची वाट अडवणारा ज्वालांचा डोंगर लागतो आणि तो विझवायला लागणारा पंखा याच वृषभासुराच्या बायकोकडे असतो. आणि तो डोंगर पेटला कसा? स्वर्गात धुमाकूळ घालताना वुकोंगने लाओत्सेची भट्टी लाथाडली, तिच्या तापलेल्या विटा खाली पडल्या, त्यांतून. पाचशे वर्षांनी नायक आपलीच आग विझवायला आला आहे.

अस्वलाच्याच प्रकरणात एक छोटा प्रसंग आहे. राक्षसाला फसवण्यासाठी ग्वानयिन त्याच्या मित्राचे, म्हणजे दुसऱ्या एका राक्षसाचे, रूप घेते. ते हुबेहूब रूप पाहून वुकोंग थट्टेने विचारतो, हा राक्षस बोधिसत्त्व की बोधिसत्त्व हा राक्षस? ती शांतपणे सांगते की दोन्ही एका विचाराचीच रूपे, आणि मुळात पाहिले तर दोन्ही नाहीतच. सोळाव्या शतकातली करमणुकीची कादंबरी असे बोलून पुढच्या मारामारीकडे वळते.

मराठी वाचकाला इथे वाली आणि सुग्रीव आठवल्याशिवाय राहणार नाहीत. दोघे इतके सारखे की रामाचा बाण पहिल्या खेपेला सुटतच नाही. मग सुग्रीवाच्या गळ्यात खुणेची माळ घातली जाते. वुकोंगचे मूळ हनुमानात आहे असे चिनी अभ्यासक हू शि यांनी १९२०च्या दशकात मांडले आणि कथाकार लू शून यांनी ते नाकारून चिनी पुराणातल्या एका जलदैत्याकडे बोट दाखवले. वाद अजून मिटलेला नाही. उसनवारीचे काहीही असो, रामायणात माळ घालून प्रश्न सुटतो. चिनी कथेत माळ घालता येत नाही, कारण दोघांच्याही डोक्यावर खूण आधीपासूनच आहे. आपले नाते खरे आहे ते यात्रेतल्या त्या भिक्षूशी. इतिहासातला युआन श्वांग इ.स. ६२९ ते ६४५ या काळात चीनमधून येऊन परत गेला. ६४१च्या सुमारास तो दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, महाराष्ट्रात होता. इथली माणसे उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. कादंबरीतल्या रडव्या गुरूशी त्या धीट प्रवाशाचे काडीचेही साम्य नाही, ही गोष्ट वेगळी.

ही दृष्टी आली कुठून? एक धागा तरी स्पष्ट दिसतो. वांग यांगमिंग (१४७२–१५२९) हा मिंग काळातला सर्वांत प्रभावी विचारवंत. तो नुसता पुस्तकी पंडित नव्हता. दक्षिणेकडच्या डोंगराळ मुलखातल्या बंडखोर टोळ्या त्याने फौज घेऊन मोडून काढल्या होत्या. त्याच मोहिमेच्या काळात एका शिष्याला त्याने लिहिले की डोंगरातले दरोडेखोर जिंकणे सोपे, मनातले जिंकणे अवघड. पुढच्या पिढ्यांतल्या सुशिक्षित वाचकांच्या डोक्यात हा विचार मुरला होता. ‘पश्चिमेची यात्रा’च्या प्रकरणांच्या मथळ्यांत वुकोंगला वारंवार ‘मनरूपी वानर’ म्हटले आहे, ते काही उगाच नाही. याला आजच्या मानसशास्त्राची परिभाषा चिकटवायची घाई मात्र करू नये. लेखकापुढचा प्रश्न व्यक्तिमत्त्व जुळवण्याचा नव्हता, मन ताब्यात ठेवण्याचा होता.

अध्यात्माचा आडोसा काढून घेतला की हा आरसा किती निर्दय होतो, ते ‘दलदलीकाठचे बंडखोर’ म्हणजे ‘शुई-हू-च्वान’ या कादंबरीत दिसते. तिथला ली ख्वेई हा काळाकभिन्न, दोन कुऱ्हाडी चालवणारा, दिसेल त्याला तोडणारा बंडखोर. त्याला आईला आणायला गावी जायचे असते. म्होरक्या सुंग च्यांग तीन अटी घालतो : दारू नाही, सोबत कोणी नाही, कुऱ्हाडी इथेच ठेव. वाटेत एक दरोडेखोर त्याला अडवतो. तोंडाला शाई फासलेली, हातात दोन कुऱ्हाडी, आणि म्हणतो, मी ली ख्वेई! खऱ्याकडे कुऱ्हाडी नाहीत, खोट्याकडे आहेत. खरा त्याला लोळवतो, तेव्हा तो तोतया (नाव ली ग्वेई) गयावया करतो की घरी नव्वद वर्षांची आई आहे. आईलाच आणायला निघालेला ली ख्वेई विरघळतो आणि मारायच्या ऐवजी धंदा बदल म्हणून त्याला दहा तोळे चांदी देतो.

आई अर्थातच खोटी असते. थोड्या वेळाने ली ख्वेई नकळत त्याच चोराच्या झोपडीत जेवायला थांबतो आणि नवराबायकोचा आपल्याला गुंगीचे औषध देऊन मारायचा बेत ऐकतो. तो चोराला मारतो. बायको पळते. भात शिजलेला आहे, पण सोबत खायला काही नाही. तेव्हा आपला नायक मेलेल्या माणसाच्या मांडीचे दोन तुकडे कापतो, पाण्याने धुतो, चुलीतल्या निखाऱ्यांवर भाजतो आणि जेवतो. पुढे गावी पोचतो, रडून आंधळी झालेल्या आईला पाठीवर घेतो, मला सरकारी नोकरी लागली आहे असे खोटे सांगतो. डोंगर चढताना तिला तहान लागते. तो एका देवळातले दगडी धूपपात्र उचलून त्यात पाणी घेऊन येतो, तो आई जागेवर नाही. रक्ताचा माग काढत गुहेपाशी पोचतो, तर वाघाची दोन पिल्ले माणसाचा एक पाय चाटत बसलेली.

हे सगळे एकाच प्रकरणात, काही पानांच्या अंतराने घडते. भाजलेली मांडी आणि चाटलेला पाय यांतला संबंध लेखक उलगडून सांगत नाही. त्याने दोन्ही फक्त शेजारी ठेवले आहेत. तोतयाने आईबद्दल खोटे सांगितले, खऱ्यानेही आईला खोटेच सांगितले. तोतयाची नसलेली आई वाचली, खऱ्याची असलेली गेली. ली ख्वेई चार वाघ मारून परत येतो आणि तळावर सगळी हकिगत सांगतो, तेव्हा मंडळी हसतात. सुंग च्यांगही हसतो, ज्याने स्वतःच्या बापाला नुकतेच सुखरूप तळावर आणलेले आहे. त्या हसण्याइतका अस्वस्थ करणारा क्षण जुन्या चिनी कथावाङ्मयात विरळा.

‘तीन राज्यांची कथा’ या तिसऱ्या महाकादंबरीत तोतया नाही, पण जोडी आहे. त्साओ त्साओ (१५५–२२०) खलनायक, ल्यू बेई (१६१–२२३) नायक. हा पक्षपात जुना आहे : ल्यू बेई हरला की ऐकणारी पोरे रडवेली होतात आणि त्साओ त्साओ हरला की खूश होतात, असे अकराव्या शतकातल्या कवी सू शि यांच्या टिपणांत नोंदलेले आहे. पण कादंबरीतला गाजलेला प्रसंग पाहा. मद्याचे पेले समोर ठेवून त्साओ त्साओ पाहुण्याला सांगतो की जगात खरे वीर दोनच, तू आणि मी. घाबरून ल्यू बेईच्या हातातल्या काड्या गळून पडतात. नेमका ढग गडगडतो आणि तो त्याचे निमित्त करून वेळ मारून नेतो. तो घाबरला, कारण खलनायकाने त्याला बरोबर ओळखले होते. खलनायक मनातले बोलून दाखवतो, नायक लपवतो. सरदाराने युद्धातून वाचवून आणलेले स्वतःचे पोर ल्यू बेई जमिनीवर टाकतो, ते त्या सरदाराची निष्ठा आणखी घट्ट व्हावी म्हणून की खरेच उमाळ्याने, हे आजतागायत कोणाला ठरवता आलेले नाही. त्याचा भलेपणा रंगवता रंगवता लेखकाने त्याला ढोंगी करून ठेवले, हा लू शून यांचा शेरा प्रसिद्धच आहे. सतराव्या शतकातले संपादक माव झुंगगांग यांनी या कादंबरीतली तीन अजोड माणसे निवडली : बुद्धिमान मंत्री चुगे ल्यांग, निष्ठावान सेनापती ग्वान यू आणि कपटी त्साओ त्साओ. ल्यू बेई त्या यादीत नाही. १९५९मध्ये नाटककार क्वो मोरुओ यांनी त्साओ त्साओची बाजू घेऊन नाटक लिहिले, त्यावर चीनभर वाद झडला. चिनी ऑपेरात त्याचा चेहरा तरीही पांढराच रंगवला जातो.

प्रत्येक खलनायक असा आरसा असतो असे नाही. ‘बंडखोर’मधला काव छ्यू हा चेंडू उडवण्याच्या कौशल्यावर बादशहाच्या मर्जीत शिरलेला अधिकारी आहे, त्याच्यात नायकांचे काही दिसत नाही, तो सरळ सरळ सत्तेचा माज आहे. ‘यात्रे’तले कित्येक राक्षस भिक्षूचे मांस खाऊन अमर व्हायला टपलेले, एवढेच. त्यांतही एक मेख आहे. ज्यांचा स्वर्गात कोणी धनी आहे, कुणाचे वाहन, कुणाचा भट्टीवरचा पोऱ्या, ते शेवटच्या क्षणी मालकाबरोबर घरी जातात. ज्यांना वाली नाही ते सोट्याखाली मरतात. सहा कानांच्या माकडाला कोणीच नव्हते. वुकोंगला बुद्ध होते, ग्वानयिन होती, कटकट करणारा का होईना, गुरू होता. शंभराव्या प्रकरणात वुकोंगला बुद्धपद मिळते आणि तो गुरूला कडे काढायला सांगतो, तेव्हा कळते की ते आधीच नाहीसे झाले आहे.

आर्थर वेली यांचा ‘मंकी’ हा १९४२चा इंग्रजी अनुवाद हा या कादंबरीचा इंग्रजीत फार वाचला गेलेला अवतार. त्यात शंभरांपैकी तीसच प्रकरणे आहेत. दोन वुकोंगांची गोष्ट त्यातून गळली आहे. ज्यांनी तेवढाच वाचला, त्यांना एक खोडकर, गोड माकड भेटले. अँथनी यू यांनी १९७७ ते १९८३ या काळात चार खंडांत संपूर्ण अनुवाद केला, त्यात ती आहे. गेम आणि चित्रपटांमुळे मराठी तरुणांना आज या कथांची गोडी लागली असेल, तर आपल्या प्रकाशकांनी आणि अनुवादकांनी ही संधी दवडू नये. पोरांसाठी केलेल्या माकडाच्या गोष्टी पुरेत. एखाद्या दिवाळी अंकाने यंदा छप्पन्न ते अठ्ठावन्न ही तीन प्रकरणे, एक ओळही न गाळता, छापून पाहावीत.